‘तपासणीचे कारण’ : लेकीच्या लवकर वयात येण्याची साडेतीन वर्षे

१९ सप्टेंबर २०२१ या दिवशी आंघोळीनंतर अंग पुसताना लेकीने माझा हात बाजूला सारला आणि डावीकडे दुखते असे सांगितले. स्तनाग्राच्या अगदी खाली, सदऱ्याच्या गुंडीएवढी चपटी आणि किंचित टणक अशी गाठ हाताला लागत होती. उजवीकडे तसे काहीच नव्हते. तिचे वय तेव्हा सात वर्षे नऊ महिने होते. पहिली भीती अर्थातच कर्करोगाची वाटली आणि ती दोन दिवसांत ओसरली. दुसरी भावना मात्र पुढची दोन-तीन वर्षे सोबत राहिली आणि ती भीतीपेक्षा अपराधाची अधिक होती, कारण माझी मुलगी अंगाने भरलेली होती आणि ‘वजन जास्त असले की मुली लवकर वयात येतात’ हे वाक्य मी कुठेतरी वाचलेले होते. हे वाक्य पूर्णपणे खोटे नाही, पण ते जितके सांगते त्याहून बरेच काही गाळते. त्या काळात असे एखादे टिपण मला वाचायला मिळाले असते तर बरे झाले असते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

चार दिवसांनी आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो. वजन ३४ किलो आणि उंची १३१ सेंटिमीटर भरली, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा आकडा) १९.८ झाला. या वयाच्या मुलींचा मध्यांक साडेपंधराच्या आसपास असतो. तिचे वजन लठ्ठपणाच्या रेषेखाली पण जास्त वजनाच्या रेषेच्या बरेच वर होते. उंचीही वयाच्या मानाने चांगली होती, आणि त्याचा मला आतापर्यंत अभिमानच वाटत आला होता. जास्त वजनाची मुले याच वयात बरोबरीच्या मुलांपेक्षा उंच दिसतात, मात्र ती उंची बहुधा पुढच्या खात्यातून आगाऊ काढलेली असते, हे मला तिथे पहिल्यांदा कळले. डॉक्टरांचे म्हणणे असे होते की ही नुसती चरबी असू शकते किंवा खरोखरच स्तनग्रंथीची वाढ असू शकते, मुलींमध्ये आठ वर्षांच्या आत ग्रंथीची वाढ दिसली तर तिला अकाली म्हणतात, आणि म्हणून त्यांनी स्वतः अंदाज बांधण्याऐवजी मुलांच्या संप्रेरकांच्या तज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. पहिली मोकळी तारीख १२ नोव्हेंबरची मिळाली. सात आठवडे थांबायचे होते.

या सात आठवड्यांत दोन कामे झाली, एक उपयोगाचे आणि एक मनस्तापाचे. उपयोगाचे काम म्हणजे तिच्या जुन्या उंची-वजनाच्या नोंदी गोळा करणे. लसीकरणाच्या पुस्तिकेत पाचव्या वर्षापर्यंतच्या नोंदी होत्या, शाळेच्या आरोग्यतपासणीची दोन पत्रके मिळाली, आणि दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने ओढलेल्या रेघा होत्या, ज्यांच्यापुढे नवऱ्याने सुदैवाने तारखा लिहिल्या होत्या. या सगळ्याची एका कागदावर तारीखवार यादी केली. पुढे तज्ज्ञ डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ याच कागदाकडे पाहिले, रक्ताच्या अहवालांकडेही इतका वेळ पाहिले नाही. ज्यांना अशी तारीख मिळालेली असेल त्यांनी थांबण्याचा काळ या कामात घालवावा. चौकटीवरच्या रेघासुद्धा चालतात, फक्त त्या काढताना मूल अनवाणी होते की बूट घालून, हे आठवावे लागते.

मनस्तापाचे काम विम्याचे होते. अर्जात ‘तपासणीचे कारण’ असा एक रकाना होता आणि मी त्यात स्वतःच्या अक्षरात, मोठ्या प्रामाणिकपणे, ‘वजन जास्त असल्यामुळे लवकर वयात येणे’ असे लिहिले. ८ ऑक्टोबरला अर्ज नामंजूर होऊन परत आला. वजनाशी संबंधित तपासण्या आणि उपचार आमच्या विम्यात बसत नाहीत, एवढे एकच वाक्य त्यावर होते. फोन केला तर पहिल्या तिघांनी मला चौथ्याकडे पाठवले. शेवटी बालरोगतज्ज्ञांनी आपल्या कागदावर ‘आठ वर्षांच्या आत एका बाजूची स्तनवाढ, केंद्रीय कारण वगळण्यासाठी तपासणी आवश्यक’ (केंद्रीय म्हणजे मेंदूतून येणारे) असे लिहून दिले आणि ५ नोव्हेंबरला तीच तपासणी मंजूर झाली. निदान डॉक्टरांनीच करावे आणि रकान्यात आपण फक्त जे दिसते तेवढेच लिहावे, हा धडा मला या चार आठवड्यांनी दिला. ज्याचा मला काहीही आधार नव्हता ते कारण मी लिहून मोकळी झाले होते, हे मात्र तेव्हा लक्षात आले नाही.

१२ नोव्हेंबरला तज्ज्ञांच्या दवाखान्यात गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती वजनकाट्याची. परिचारिकेने लेकीला काट्यावर पाठमोरे उभे केले, आकडा मोठ्याने उच्चारला नाही आणि थेट कागदावर उतरवला. उंची तीनदा मोजून सरासरी घेतली, ती १३२.३ सेंटिमीटर आली. वजन ३४.८ किलो होते, हे मी नंतर कागदावर वाचले. पुढे साडेतीन वर्षे त्या दवाखान्यात माझ्या मुलीसमोर कोणीही तिच्या वजनाचा आकडा मोठ्याने म्हटला नाही. ज्या घरात प्रत्येक पाहुणा पहिले वाक्य तिच्या गालांवरून बोलत असे, त्या घरातल्या मुलीला हा फरक कळल्याशिवाय राहिला नाही.

तपासणी पडद्याआड झाली आणि डॉक्टरांनी प्रत्येक वेळी हात लावण्यापूर्वी तिची परवानगी विचारली. तिला उताणे झोपवून, हात डोक्यामागे घ्यायला लावून त्यांनी दोन बोटांनी हळूहळू चाचपले. चरबी असेल तर ती मऊ लागते आणि स्तनाग्राच्या खाली बोट पोकळीत गेल्यासारखे आत जाते, आणि ग्रंथी असेल तर तिथेच, नेमकी मध्यभागी, रबरासारखी टणक चकती बोटाला अडते. लेकीची हरकत नव्हती म्हणून त्यांनी माझेही बोट तिथे ठेवून दाखवले. गंमत अशी की बसलेली असताना तिची उजवी बाजू मोठी दिसत असे आणि मी रात्री-अपरात्री त्याच बाजूची धास्ती घेतली होती. तिथे नुसती चरबी निघाली, आणि खरी वाढ डाव्या, लहान दिसणाऱ्या बाजूला होती. अंगाने भरलेल्या मुलींबाबत केवळ पाहून काढलेला निष्कर्ष दोन्ही बाजूंनी चुकू शकतो, असे डॉक्टर म्हणाले. त्यांनी ही अवस्था टॅनर श्रेणीतील दुसरी, तीही नुकतीच सुरू झालेली, अशी नोंदवली. मार्शल आणि टॅनर या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९६९ मध्ये मुलींच्या आणि १९७० मध्ये मुलांच्या वयात येण्याचे जे टप्पे वर्णन केले, तेच पाच टप्पे आजही जगभर वापरले जातात.

मग प्रश्न सुरू झाले. जन्माचे वजन, डोकेदुखी, दृष्टीचा त्रास, घरात संप्रेरके असलेले मलम कोणी वापरते का, नवऱ्याला मिसरूड केव्हा फुटले, आणि मला पाळी कोणत्या वर्षी आली. या शेवटच्या प्रश्नाला मी अडखळले. मला सव्वाअकराव्या वर्षी पाळी आली होती आणि ही गोष्ट मी आईखेरीज कोणाला कधी सांगितली नव्हती, कारण वर्गात मी पहिली होते आणि त्याची मला लाज वाटत असे. डॉक्टरांनी विचारले की तेव्हा तुमची अंगलट कशी होती. मी तर काडीपैलवान होते. त्यांनी पेन खाली ठेवले आणि म्हणाले, “मग हेही विचारात घ्यायला हवे.” जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून वयात येण्याच्या वेळेतला निम्मा किंवा त्याहून अधिक फरक वंशपरंपरेने ठरतो, असे त्यांनी समजावले. दोन महिने मी ज्या प्रश्नाचे उत्तर लेकीच्या वजनात शोधत होते, त्याचा मोठा भाग कदाचित माझ्याच अंगात होता, आणि तोही मी बारीक असताना.

तपासण्या चार सांगितल्या: डाव्या हाताच्या पंजाचा आणि मनगटाचा एक्स-रे, पहाटेच्या किंवा अगदी सकाळच्या रक्तातील एलएच, एफएसएच (अंडाशयाला जागे करणारी मेंदूकडची दोन संप्रेरके) आणि इस्ट्रोजेन, थायरॉइड, आणि ओटीपोटाची सोनोग्राफी. वयात येताना एलएच हे संप्रेरक आधी रात्री झोपेत लहरींनी स्रवू लागते, म्हणून सकाळचा नमुना महत्त्वाचा असतो. इथे आमची एक फेरी फुकट गेली. १६ नोव्हेंबरला जवळच्या एका प्रयोगशाळेत रक्त दिले आणि अहवाल आला तो ‘१ पेक्षा कमी’ असा. मोठ्या माणसांसाठी हे उत्तर पुरेसे असते. आम्हाला प्रश्न होता तो एलएच ०.३ च्या वर, म्हणजे यंत्रणा सुरू झाल्याची खूण, आहे की खाली, आणि तिथे वापरलेल्या पद्धतीला इतके लहान आकडे वाचताच येत नव्हते. त्यामुळे २५ नोव्हेंबरला दुसरीकडे, अतिसंवेदनशील पद्धतीने, पुन्हा सुई टोचावी लागली. रक्त देण्यापूर्वीच ‘किमान किती मोजता येते’ हे प्रयोगशाळेला विचारावे. दुसऱ्या वेळी एलएच ०.२ आले. सोनोग्राफीसाठी पाणी पिऊन मूत्राशय भरलेले ठेवावे लागते आणि आठ वर्षांच्या मुलीला पाऊण तास तसे बसवणे हीच त्या तपासणीतली सगळ्यात अवघड गोष्ट होती. गर्भाशयाची लांबी ३.१ सेंटिमीटर निघाली, म्हणजे ते अजून लहान मुलीचेच होते.

एक्स-रे सगळ्यात स्वस्त होता आणि सगळ्यात बोलका. हाडांचे वय नऊ वर्षे आले, म्हणजे खऱ्या वयापेक्षा एक वर्ष पुढे. हे वय पंजाची छायाचित्रे एका जुन्या चित्रसंग्रहाशी ताडून ठरवतात. ग्रॉयलिक आणि पाइल यांचा हा संग्रह अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरातल्या सुस्थितीतील गोऱ्या मुलांच्या, १९३१ ते १९४२ या काळातल्या एक्स-रेंवर बेतलेला आहे. जगभरची कितीतरी मुले अजून त्या मुलांशी ताडून मोजली जातात याची मला मौज वाटली, आणि थोडी काळजीही. जास्त वजनाच्या मुलांची हाडे वयात येण्याची इतर कोणतीही खूण नसतानाही थोडी पुढे गेलेली असू शकतात, त्यामुळे एकट्या हाडांच्या वयावरून निर्णय घेता येत नाही, हे डॉक्टरांनी आवर्जून सांगितले.

१० डिसेंबरला, तिच्या आठव्या वाढदिवसाच्या पाच दिवस आधी, सगळे अहवाल घेऊन पुन्हा गेलो. मी वहीत एकच प्रश्न लिहून नेला होता: हे वजनामुळे झाले का? डॉक्टरांनी त्याला सरळ हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही, आणि आज मला वाटते की त्या भेटीतली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच होती.

त्यांनी माझ्या नोंदींच्या कागदावरून बीएमआयची रेघ काढली. मुलांचा बीएमआय पहिल्या वर्षानंतर उतरत जातो आणि साधारण सहाव्या वर्षाच्या आसपास पुन्हा वर वळतो. माझ्या लेकीची रेघ चौथ्या वर्षीच वळली होती. असे लवकर वळण पुढच्या लठ्ठपणाशी आणि वयात येण्याच्या वेळेशीही जोडलेले आढळते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन वर्षांच्या वयाला ज्या मुलींचा बीएमआय जास्त होता, त्या पुढे लवकर वयात आल्याचे दिसले होते. म्हणजे ‘लवकर वयात आली म्हणून वजन वाढले’ एवढेच म्हणून भागत नाही. वजन आधी वाढलेले असते.

यंत्रणेबद्दल त्यांनी जे सांगितले ते मी घरी येऊन पुष्कळ वाचले. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचे संप्रेरक स्रवतात. न्यूयॉर्कमधील रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये ते शोधले. ज्या उंदरांत ते तयारच होत नाही ते अतोनात लठ्ठ होतात आणि त्यांना पिल्ले होत नाहीत. ज्या थोड्या माणसांत जन्मतः लेप्टिन नसते ती मुले भरपूर लठ्ठ असूनही वेळेवर वयात येत नाहीत, आणि योग्य वयात लेप्टिन दिले की त्यांच्यात ती प्रक्रिया सुरू होऊ शकते. यावरून असे दिसते की लेप्टिन मेंदूला ‘घरात साठा पुरेसा आहे’ एवढे कळवते. ती परवानगी असते, हुकूम नसतो. लहान वयात कोणाला लेप्टिन दिले म्हणून ते मूल वेळेआधी वयात येत नाही. हुकमाच्या जवळ असणारे एक वेगळे द्रव्य मेंदूत असते, त्याचे नाव किसपेप्टिन. १९९६ मध्ये त्याचे जनुक अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावात सापडले आणि तिथल्या प्रसिद्ध चॉकलेटावरून त्याचे नाव पडले. वयात येण्यातली त्याची भूमिका मात्र २००३ मध्ये उघड झाली. याशिवाय चरबीतील एक विकर पुरुषी संप्रेरकांचे इस्ट्रोजेनमध्ये रूपांतर करते, आणि जास्त वजनाबरोबर वाढणारे इन्शुलिन लैंगिक संप्रेरकांना बांधून ठेवणारे प्रथिन कमी करते, त्यामुळे मोकळी संप्रेरके थोडी वाढतात. यातला कोणता धागा कोणत्या मुलीत किती ओढला गेला, हे तिच्या रक्तावरून सांगता येत नाही.

दुसरी बाजूही त्यांनी तितकीच मांडली. कोपनहेगनमध्ये १९९१ आणि २००६ या दोन काळांतल्या मुलींची तुलना झाली तेव्हा स्तनवाढ सुरू होण्याचे सरासरी वय १०.८८ वरून ९.८६ वर्षांवर आलेले दिसले, आणि बीएमआयमधल्या फरकाने त्याचा उलगडा होत नव्हता. जगभरचे अभ्यास एकत्र करून २०२० मध्ये जो आढावा प्रसिद्ध झाला, त्यात १९७७ ते २०१३ या काळात हे वय दर दशकाला सुमारे तीन महिन्यांनी खाली आल्याचे दिसले. मुलग्यांमध्ये तर चित्र आणखी गुंतागुंतीचे आहे: काही अभ्यासांत थोडे जास्त वजन असलेली मुले लवकर आणि अतिलठ्ठ मुले उशिरा वयात आलेली आढळतात. दुसऱ्या टोकाला, फार बारीक राहणाऱ्या नर्तिका आणि धावपटू मुलींची पाळी लांबते. म्हणजे वजन आणि वयात येणे यांचा संबंध खरा आहे, पण एकट्या मुलीकडे बोट दाखवून ‘हिचे असे यामुळे झाले’ असे म्हणण्याइतका तो ठाम नाही.

हे सगळे चालू असताना लेक खुर्चीवर पाय हलवत बसली होती आणि तिला काही कळत नसेल असे मी समजत होते. तिने मध्येच डॉक्टरांना विचारले, “मी जाडी आहे म्हणून का?” माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. डॉक्टर तिच्याकडे वळून म्हणाले, “तुझ्या अंगातले घड्याळ थोडे पुढे लावलेले आहे. तुझ्या आईचेही तसेच होते. घड्याळ पुढे असणे ही कोणाची चूक नसते.” तिने माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच तिच्यापासून काहीतरी लपवले होते. ते खरेही होते. त्या रात्री मी तिला माझ्या अकराव्या वर्षाची गोष्ट सांगितली, वर्गात पहिली असण्याच्या लाजेसकट.

उपचारांचा प्रश्न त्याच भेटीत निघाला. मेंदूकडून येणारा संदेश थोपवणारी इंजेक्शने असतात, ती महिन्याने किंवा तीन महिन्यांनी द्यावी लागतात, आणि ती थांबवली की प्रक्रिया पुन्हा सुरू होते. उंची वाचवण्याचा त्यांचा सगळ्यात स्पष्ट फायदा सहा वर्षांच्या आत सुरुवात झालेल्या मुलींना होतो. आठ वर्षांच्या उंबरठ्यावर सुरू झालेल्या आणि हळू चालणाऱ्या मुलीत तो फारसा दिसत नाही. इंजेक्शनांचा खर्च आमच्या तोवरच्या सगळ्या तपासण्यांच्या कितीतरी पट होता, तरी घाबरलेल्या मनाला त्या दिवशी ‘काहीतरी करणे’ हेच ‘काही न करण्या’पेक्षा सोपे वाटत होते. मी तसे बोलूनही दाखवले. डॉक्टरांनी हाडांच्या वयावरून तिची अखेरची उंची १५८ च्या आसपास होईल असा अंदाज काढून दाखवला, तो काही सेंटिमीटर इकडेतिकडे होऊ शकतो हे सांगितले, आणि आमच्या दोघांच्या उंचीवरून येणारा १५७ चा आकडा त्याच्याशेजारी लिहिला. वाचवायची अशी उंची हरवतच नव्हती. मेंदूच्या एमआरआयचीही गरज नव्हती. तो सहा वर्षांच्या आतल्या मुलींना आणि वेळेआधी वयात येणाऱ्या मुलग्यांना आवर्जून करतात. ठरले ते एवढेच: तीन महिन्यांनी उंची मोजायची, टप्पा पुढे सरकला का ते पाहायचे. तीन ते सहा महिन्यांत टप्पा बदलला किंवा उंचीने झपाट्याने उसळी घेतली, तर पुन्हा विचार करायचा.

वजनाबद्दल सूचना थोडक्यात होत्या. वजन उतरवायचे नव्हते, ते वाढण्याचा वेग उंचीच्या मागे ठेवायचा होता. आम्ही गोड पेये घरात आणणे बंद केले, संध्याकाळचा खेळ ठरलेल्या वेळी आणला, झोपेची वेळ अलीकडे घेतली, आणि हे सगळे घरातल्या चौघांनी केले, तिच्या एकटीच्या वाट्याला दिले नाही. याने वयात येणे थांबेल का, असे मी विचारले होते. यंत्रणा एकदा सुरू झाल्यावर वजन उतरवून ती थांबते असे मानायला पुरेसा आधार नाही, हे तिच्या इतर आरोग्यासाठी करा, असे उत्तर मिळाले. सगळ्यात अवघड काम नातेवाइकांचे होते. सासूबाईंना मी एकदा बाजूला बसवून सांगितले की तिच्या अंगाबद्दल, चांगले किंवा वाईट, काहीही बोलायचे नाही. त्या चार दिवस रुसल्या आणि पाचव्या दिवसापासून त्यांनी पाहुण्यांनाही गप्प करायला सुरुवात केली.

मार्च २०२२ मध्ये काहीच बदल नव्हता. जूनमध्ये उजव्या बाजूलाही ग्रंथी लागली. त्या रात्री मला पुन्हा झोप आली नाही, पण टप्पा दुसराच होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये उंची १३८.७ आणि वजन ३७ किलो होते. वर्षात ६.४ सेंटिमीटर वाढ, म्हणजे थोडी जास्त पण उसळी नव्हे, आणि बीएमआय १९.९ वरून १९.२ वर आलेला. एलएच ०.६ झाले होते. यंत्रणा आता खरोखर सुरू झाली होती, मात्र तोवर तिला नववे वर्ष पुरे व्हायला एकच महिना उरला होता आणि या वयाला त्यात अकाली असे काही नव्हते. एक वर्ष थांबण्याने एवढेच घडले होते की भीतीदायक वाटणारी गोष्ट केवळ वयाच्या पुढे सरकण्याने साधारण झाली होती.

२०२३ वर्ष घामाच्या वासात, चिडचिडीत आणि पहिल्या अंतर्वस्त्राच्या खरेदीत गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखे फार नाही. शाळेत वर्गशिक्षिकांना मी आधीच कल्पना दिली, दप्तराच्या आतल्या कप्प्यात पॅड आणि एक जादा कपडा ठेवला आणि तो महिन्यातून एकदा तपासण्याची जबाबदारी तिच्याकडे दिली. नवव्या वर्षी शाळेत पाळी येऊ शकते, असे गृहीत धरून ही तयारी होती. स्तनवाढ सुरू झाल्यापासून पाळीपर्यंत साधारण दोन-अडीच वर्षे जातात, लवकर सुरुवात झालेल्या मुलींमध्ये हे अंतर अधिकही असते, हे डॉक्टरांनी सांगितले होते, तरी मन ऐकत नव्हते. पॅड दप्तरात दीड वर्ष पडून राहिले आणि त्यांचे वेष्टन फाटले म्हणून दोनदा बदलावे लागले.

११ फेब्रुवारी २०२५ रोजी, अकरा वर्षे दोन महिन्यांच्या वयात, तिला पाळी आली. माझ्यापेक्षा एक महिना आधी. तिने शाळेतून फोन करण्याची गरज मानली नाही, घरी आल्यावर दप्तर ठेवता ठेवता सांगितले.

७ मार्चच्या भेटीत उंची १५४ आणि वजन ४७ किलो भरले. हा आकडा पाहून मला हसू आले, कारण तोवर मी रोझ फ्रिश आणि रॉजर रेव्हेल यांच्याबद्दल वाचले होते. १९७० च्या सुमारास या दोघांनी असे मांडले की मुलींचे वजन एका ठराविक मर्यादेला, सुमारे ४७-४८ किलोला, पोचले की पाळी सुरू होते. पुढे फ्रिश यांनी शरीरातील चरबीच्या प्रमाणावर भर दिला. कल्पना फार गाजली आणि तिच्यावर टीकाही तितकीच झाली. सरासरी ४७ निघाली म्हणून प्रत्येक मुलीच्या अंगात ४७ वर दाबले जाणारे बटण आहे असे होत नाही, आणि मुलींना पाळी येते ती वेगवेगळ्या वजनांना. मला स्वतःला आली तेव्हा मी पस्तीस किलोचीही नव्हते. पण शरीरातला साठा आणि वयात येणे यांचे काही नाते आहे हा त्यांचा मूळ अंदाज मात्र लेप्टिन सापडल्यावर वेगळ्या रूपात टिकून राहिला. डॉक्टरांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले की तुमच्या मुलीचे वजन ४७ आहे, याचा अर्थ तिचे वजन ४७ आहे.

पाळी सुरू झाल्यावर साधारण पाच ते सात सेंटिमीटर उंची अजून वाढते. त्यामुळे पुढची आणि बहुधा शेवटची भेट फेब्रुवारी २०२६ मध्ये ठेवली आहे. तज्ज्ञांकडे जायची चिठ्ठी वर्षभरच चालते आणि विम्याच्या मंजुरीला चार आठवडे लागतात, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात आठवण लावून ठेवली आहे. अर्ज मात्र यावेळी लेकीने आताच, दवाखान्यातून आल्या आल्या, स्वतः भरायला घेतला. जुना नामंजूर अर्ज त्याच फायलीत होता. तिने तो वाचला, माझे अक्षर ओळखले, काही बोलली नाही, आणि नव्या अर्जातल्या ‘तपासणीचे कारण’ या रकान्यात लिहिले: ‘उंची मोजणे’.